भिंतींनी घेतलेली बाजू

मिनियापोलिस शहरात अडतिसावा रस्ता आणि शिकागो अ‍ॅव्हेन्यू एकमेकांना छेदतात, त्या चौकात ‘कप फूड्स’ हे वाणसामानाचे दुकान होते. २५ मे २०२० च्या संध्याकाळी त्याच दुकानासमोर पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइड या ४६ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला हातकड्या घालून रस्त्यावर पालथे पाडले. डेरेक शोविन या गोऱ्या पोलिसाने त्याच्या मानेवर गुडघा रोवला आणि नऊ मिनिटांहून जास्त वेळ तो काढलाच नाही. श्वास घेता येत नाही, असे फ्लॉइड पुन्हा पुन्हा सांगत होता. डार्नेला फ्रेझर या सतरा वर्षांच्या मुलीने हे सगळे मोबाइलवर टिपले. ते दृश्य जगभर पोचले आणि अमेरिकेतल्या शहराशहरांत माणसे रस्त्यावर उतरली.

तीन दिवसांनी, २८ मे रोजी, झीना गोल्डमन, केडेक्स हेरेरा आणि ग्रेटा मॅक्लेन हे चित्रकार रंग घेऊन त्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीपाशी आले. त्यांनी आणि मदतीला आलेल्यांनी भिंतभर फ्लॉइडचा चेहरा काढला. त्याच्यामागे प्रभावळ धरावी तसे मोठे सूर्यफूल काढले आणि फुलाच्या काळ्या गाभ्यात पोलिसांच्या हातून आधी जीव गेलेल्या माणसांची नावे लिहिली. शोविनवर खुनाचा आरोप ठेवला गेला, तो दुसऱ्या दिवशी. सरकारी कागदावर गुन्ह्याची नोंद होण्याआधी ती भिंतीवर झाली होती.

लोक तिथे फुले ठेवू लागले, मेणबत्त्या लावू लागले. चौकातली वाहतूक थांबली आणि तो चौक शोकाची व सभेची जागा होऊन बसला. शहराच्या इतर भागांत दुकानदारांनी काचा वाचवण्यासाठी दर्शनी भागावर प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या होत्या. या फळ्याही रिकाम्या राहिल्या नाहीत. नामवंत चित्रकारांपासून शाळकरी मुलांपर्यंत ज्याला जे म्हणायचे होते, ते त्याने तिथे रंगवले.

मग तो चेहरा देशाबाहेर गेला. बर्लिनच्या माउअरपार्कमधल्या भिंतीवर एमे फ्रीथिंकर या डॉमिनिकन चित्रकाराने तो काढला. नैरोबीच्या किबेरा वस्तीत तो उमटला. सीरियातल्या इदलिब भागात बिन्निश नावाचे गाव आहे. तिथे अझीझ अस्मार या चित्रकाराने बॉम्बने पडलेल्या घराच्या उरलेल्या भिंतीवर फ्लॉइड रंगवला. गुदमरून मेलेला हा माणूस पाहून आपल्या देशात रासायनिक हल्ल्यांत गुदमरलेली माणसे आठवली, असे अस्मार यांनी पत्रकारांना सांगितले. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर नव्हते, त्यांनी सातासमुद्रापलीकडच्या एका अनोळखी माणसाच्या बाजूने उभे राहायला भिंत वापरली.

भिंतच का? वर्तमानपत्राला मालक असतो, कलादालनाला दार असते आणि आत कुणाचे चित्र लागावे हे ठरवणारे लोक असतात. रस्त्यावरच्या भिंतीसमोरून मात्र कामावर निघालेली बाई, बसची वाट पाहणारा म्हातारा, गस्तीवरचा पोलिस असे सगळे जातात. चित्र पाहायचे की नाही हे ठरवण्याआधीच ते डोळ्यांत शिरलेले असते. ज्यांचे म्हणणे कुठेच छापून येत नाही, त्यांना म्हणूनच भिंतीचा आधार वाटत आला आहे. पण भिंतीवर उमटलेली प्रत्येक मागणी टिकत नाही. काही चित्रे पन्नास वर्षे उभी राहतात, काही पाच वर्षांत खणून काढली जातात. हा फरक कशाने पडतो, ते पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

१९६७ साली शिकागो शहराच्या दक्षिण भागात, त्रेचाळिसावा रस्ता आणि लँग्ली अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, एक जुनी दुमजली इमारत होती. वस्ती कृष्णवर्णीयांची आणि गरीब. ‘ऑर्गनायझेशन ऑफ ब्लॅक अमेरिकन कल्चर’ या संस्थेतल्या चित्रकारांनी आणि छायाचित्रकारांनी त्या इमारतीची भिंत रंगवायला घेतली. विल्यम वॉकर, जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ जॅरेल, बार्बरा जोन्स-होगू, कॅरोलिन लॉरेन्स अशी मंडळी त्यात होती आणि भिंतीची एकूण मांडणी सिल्व्हिया अ‍ॅबरनॅथी यांनी केली होती. पालिकेची परवानगी नव्हती, सरकारी अनुदान नव्हते. चित्राचे नाव ठरले ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, म्हणजे आदराची भिंत.

भिंतीचे भाग पाडले होते: राजकारण, धर्म, साहित्य, संगीत, रंगभूमी, खेळ. त्यात पन्नासहून अधिक कृष्णवर्णीय माणसे होती. मुहम्मद अली, माल्कम एक्स, नीना सिमोन, अरीथा फ्रँकलिन, चार्ली पार्कर. कुणाला घ्यायचे याची चर्चा वस्तीतल्या लोकांशीही झाली आणि त्या चर्चेत तडजोड नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखा देशभर गाजलेला नेता १९६७ च्या त्या भिंतीवर नव्हता. वस्तीतल्या तरुणांना तेव्हा त्यांच्यापेक्षा माल्कम एक्स जवळचा वाटत होता. चित्रावर कुणी स्वतःची सही करायची नाही, हेही चित्रकारांनी आपसांत ठरवले होते, कारण काम सगळ्यांचे होते.

त्या काळातल्या अमेरिकी पाठ्यपुस्तकांत, जाहिरातींत, सिनेमांत कृष्णवर्णीय माणूस दिसला तर तो बहुतेक नोकर किंवा गुन्हेगार म्हणून दिसे. त्या वस्तीतल्या मुलाने शाळेत जाताना भिंतीवर आपल्यासारख्या रंगाचे लेखक, गायक, विचारवंत पाहिले, ते पहिल्यांदाच. न्यायाच्या मागणीत हक्क, वेतन, घर, मत हे सगळे येते. पण स्वतःकडे मान वर करून पाहण्याचा हक्क त्याच्याही आधी येतो. शिकागोच्या भिंतीने तो हक्क आधी वसूल केला.

त्या भिंतीसमोर सभा झाल्या, संगीत झाले. पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनी उद्घाटनाच्या वेळी त्या भिंतीसाठी लिहिलेली कविता वाचली. चित्रकारांमध्ये मतभेदही झाले. एक भाग तर काही आठवड्यांतच पुसून नव्याने रंगवला गेला आणि त्यावरून मने दुखावली. पुढची काही वर्षे भिंत बदलत राहिली. १९७१ साली इमारतीला आग लागली आणि नंतर ती पाडण्यात आली. तोवर विल्यम वॉकर डेट्रॉइटला जाऊन ‘वॉल ऑफ डिग्निटी’ रंगवून आले होते आणि अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत गरीब वस्त्यांनी आपापल्या भिंती रंगवायला घेतल्या होत्या. वस्तीने वस्तीसाठी केलेल्या भित्तिचित्रांची चळवळ या एका कोपऱ्यावरून निघाली, असे कलेचे इतिहासकार मानतात.

शिकागोच्या भिंतीवर साहित्याच्या भागात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते. मराठी वाचकाला हे नाव परके वाटायचे कारण नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते. अस्पृश्यांच्या वतीनेही तसे काही करण्याचा विचार असल्याने त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवले आणि सहानुभूती कळवली. पुढे १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी मुंबईत संघटना उभी केली, तेव्हा तिचे नाव ‘दलित पँथर’ ठेवताना त्यांच्यासमोर अमेरिकेतल्या ओकलंड शहरातली ‘ब्लॅक पँथर पार्टी’ होती. दोन खंडांतल्या या लढ्यांची एकमेकांशी ओळख भिंतींवरच्या चित्रांहून जुनी आहे.

चित्र पुसण्याचा इतिहासही चित्र काढण्याइतकाच जुना आहे. १९३२ साली मेक्सिकोचे चित्रकार डेव्हिड अल्फारो सिकेरोस लॉस एंजेलिसमध्ये होते. ओल्व्हेरा स्ट्रीट या पर्यटकांच्या गल्लीजवळच्या इमारतीवर ‘अमेरिका ट्रॉपिकल’ या विषयावर भिंत रंगवण्याचे काम त्यांना मिळाले. काम देणाऱ्यांच्या मनात हिरवीगार झाडी, फळे, पक्षी असे काहीसे होते. सिकेरोस यांनी चित्राचा मधला भाग शेवटपर्यंत रिकामा ठेवला. उद्घाटनाच्या आदल्या रात्री त्यांनी तिथे क्रुसाला बांधलेला आदिवासी शेतमजूर रंगवला आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकेचा गरुड बसवला. मेक्सिकन मजुरांना त्या काळी हजारोंच्या संख्येने देशाबाहेर हाकलले जात होते, त्या पार्श्वभूमीवर या चित्राचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. रस्त्यावरून दिसणारा भाग थोड्याच काळात पांढरा केला गेला, नंतर सगळे चित्रच झाकले गेले. सिकेरोस यांनाही देश सोडावा लागला.

पण चुन्याखाली चित्र शिल्लक होते. उन्हापावसाने वरचा पांढरा थर विरत गेला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस आतल्या आकृत्या पुन्हा दिसू लागल्या. नेमके त्याच वेळी मेक्सिकन वंशाचे तरुण स्वतःला अभिमानाने ‘चिकानो’ म्हणवून घेत शाळा, शेतमजुरी आणि नागरी हक्कांसाठी आंदोलने करत होते. त्यांना पूर्वजांच्या हातचा पुरावा भिंतीवर सापडला. पुढे गेटी संस्थेने आणि शहराने मिळून ते चित्र जतन केले आणि बरोबर ऐंशी वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ते लोकांसाठी खुले झाले.

या चिकानो तरुणांची सर्वांत मोठी चित्रभिंत सॅन डिएगोत आहे. बॅरिओ लोगन ही मेक्सिकन वंशाच्या कामगारांची जुनी वस्ती. १९६३ मध्ये तिच्या मधोमध महामार्ग गेला, १९६९ मध्ये कोरोनाडो पूल झाला. घरे पडली, कुटुंबे विखुरली आणि मागे उरले सिमेंटचे प्रचंड खांब. पुलाखालच्या जागेत बाग करून देऊ, असे वस्तीला सांगण्यात आले होते. २२ एप्रिल १९७० रोजी तिथे बुलडोझर आले, तेव्हा ते महामार्ग पोलिसांचे ठाणे बांधायला आल्याचे कळले. बातमी घराघरांत, शाळा-कॉलेजांत पोचली. लोकांनी साखळी करून बुलडोझर अडवले, जमिनीत निवडुंग आणि झाडे लावली आणि बारा दिवस जागा सोडली नाही. शेवटी सरकारने माघार घेतली आणि तिथे ‘चिकानो पार्क’ झाला.

सल्वाडोर टोरेस या तिथेच वाढलेल्या चित्रकाराने खांबांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. वस्ती चिरणारे हेच खांब रंगवायचे, असे त्याने सुचवले. १९७३ मध्ये काम सुरू झाले. आज तिथे ऐंशीहून अधिक चित्रे आहेत. अझ्टेक देवता, मेक्सिकन क्रांतीचे नायक, शेतमजुरांचा लढा, पोलिस ठाण्याविरुद्धचा तो एप्रिल महिना, सगळे खांबाखांबावर आहे. पुढे भूकंपापासून संरक्षणासाठी पुलाचे खांब मजबूत करायची वेळ आली, तेव्हा चित्रांना धक्का लावू द्यायचा नाही म्हणून वस्ती पुन्हा उभी राहिली आणि चित्रे वाचली. २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. ज्या जागेवर कधी बुलडोझर पाठवले होते, तिला सरकारने वारसा मानले. दर एप्रिलमध्ये तिथे उत्सव भरतो.

रस्त्यावरची सगळीच चित्रे अशी वस्तीच्या पाठबळावर उभी नसतात. रात्री स्प्रेचा डबा घेऊन एकट्याने काढलेली ग्राफिटीही याच कुळातली आहे आणि तिच्यावर कायद्याचा हात जास्त जड पडतो. १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूच्या भुयारी रेल्वे स्थानकात मायकेल स्टुअर्ट या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय कलावंताला पोलिसांनी पकडले. भिंतीवर लिहीत होता, असा आरोप होता. कोठडीत तो बेशुद्ध झाला आणि तेरा दिवसांनी मरण पावला. सहा पोलिसांवर खटला चालला, १९८५ मध्ये सगळे सुटले. चित्रकार जाँ-मिशेल बास्किया या मृत्यूने हादरून गेला. चित्रकार कीथ हॅरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवर त्याने लाठ्या उगारलेल्या दोन पोलिसांमध्ये उभी एक काळी आकृती रंगवली. हॅरिंगने पुढे भिंतीचा तेवढा तुकडा कापून जपला. २०१९ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयाने त्या चित्राभोवती अख्खे प्रदर्शन भरवले.

रंगाने भरलेली भिंत आणि खराब केलेली भिंत यांतली रेघ कायदा ज्या सहजतेने ओढतो, तितकी ती सोपी नाही, हे या घटनेनंतर वेगळे सांगायला नको.

फिलाडेल्फिया शहराने ही रेघ ओलांडण्याचा एक मार्ग शोधला. १९८४ मध्ये ग्राफिटीविरुद्धच्या मोहिमेत जेन गोल्डन या चित्रकार बाईंना नेमले गेले. मुलांना पकडण्याऐवजी त्यांनी त्यांच्या हाती मोठ्या भिंती दिल्या. त्यातून ‘म्युरल आर्ट्स’ ही संस्था वाढली आणि तिने आजवर चार हजारांहून अधिक चित्रे उभारली. तिथली कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी वस्तीच्या बैठका होतात. काय काढायचे यावर वाद होतो, मसुदा बदलतो. मग चित्राचे तुकडे पॅराशूटच्या कापडासारख्या पातळ कापडावर आखले जातात आणि ते कापड शाळांत, वृद्धांच्या केंद्रांत, तुरुंगांतही रंगवायला पाठवले जाते. परांचीवर चढू न शकणारी माणसेही अशी चित्रात हात लावतात. शेवटी सगळे तुकडे भिंतीवर चिकटवून एक चित्र होते. वेळ लागतो, पण चित्र लागते तेव्हा शेकडो लोक त्याला आपले म्हणतात.

याउलट उदाहरण वॉशिंग्टनचे. १ जून २०२० रोजी व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत चौकातून निदर्शकांना बळाने हटवण्यात आले. चार दिवसांनी, ५ जूनला, शहराच्या महापौर म्युरिएल बाउसर यांच्या आदेशाने व्हाइट हाउसकडे जाणाऱ्या सोळाव्या रस्त्यावर, रस्त्याच्या रुंदीएवढ्या पिवळ्या अक्षरांत ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ असे रंगवले गेले. विमानातूनही वाचता येतील अशी ती अक्षरे दिवसभरात जगभर दिसली. पण याच नावाच्या चळवळीच्या स्थानिक शाखेने तेव्हाच सांगितले, की हा देखावा आहे, पोलिसांवरचा खर्च आणि त्यांचे वागणे बदला. कार्यकर्त्यांनी त्याच रस्त्यावर पोलिसांचा निधी काढून घेण्याची मागणी स्वतःच्या अक्षरांत जोडली.

पुढे शहराने त्या जागेला कायमचा दर्जा दिला. तरी ‘कायमचा’ म्हणजे पाच वर्षेसुद्धा नव्हती. २०२५ मध्ये जॉर्जिया राज्यातले रिपब्लिकन खासदार अँड्र्यू क्लाइड यांनी अक्षरे काढली नाहीत तर राजधानीचा वाहतूक निधी रोखावा, असे विधेयक आणले. महापौरांनी लढा दिला नाही. १० मार्च २०२५ रोजी यंत्रे आली आणि रस्ता उखडायला सुरुवात झाली.

चिकानो पार्कचे खांब आणि वॉशिंग्टनचा रस्ता शेजारी ठेवून पाहिले की फरक कळतो. दोन्हीकडे मागणी न्यायाची होती, दोन्हीकडे जागा सरकारी होती. सॅन डिएगोत लोकांनी आधी जागा मिळवली आणि मग रंग लावला, आणि पन्नास वर्षे ते पहाऱ्यावर राहिले. वॉशिंग्टनमध्ये रंग प्रशासनाने लावला, म्हणून तो काढायचा निर्णयही प्रशासनाच्याच हाती राहिला. सत्तेने चळवळीला दिलेली भेट सत्ता परत घेऊ शकते. लोकांनी कष्टाने मिळवलेली भिंत परत घ्यायला बुलडोझरसुद्धा पुरत नाही.

हे मिनियापोलिसच्या लोकांना लवकर उमगले. काचा पुन्हा बसल्या, दुकाने उघडली आणि रंगवलेल्या फळ्या कचऱ्यात जाऊ लागल्या, तेव्हा लीसा केली आणि केंडा झेलनर-स्मिथ या कृष्णवर्णीय तरुणींनी स्वतंत्रपणे फळ्या गोळा करायला घेतल्या. लीसा केली यांच्या ‘मेमोरियलाइज द मूव्हमेंट’ या संस्थेकडे आज हजारभर फळ्यांचा संग्रह आहे आणि त्यांची प्रदर्शने भरतात. शेजारच्या सेंट पॉलमधल्या सेंट थॉमस विद्यापीठातल्या हेदर शायरी, टॉड लॉरेन्स आणि पॉल लोरा या प्राध्यापकांनी जगभरातल्या अशा चित्रांची छायाचित्रे, ठिकाणे आणि तारखा नोंदवणारा संग्रह उभा केला. त्यात भव्य भित्तिचित्रांबरोबर दिव्याच्या खांबावर खडूने लिहिलेले दोन शब्दही आहेत. पुसले जाण्याआधी त्यांची नोंद व्हावी, हा त्यामागचा हेतू.

चित्रांनी काय बदलले, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. शोविनला एप्रिल २०२१ मध्ये दोषी ठरवले गेले आणि साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. त्यामागे डार्नेला फ्रेझरचे चित्रण होते, साक्षीदार होते, वकील होते. मिनियापोलिस शहराने फ्लॉइड कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर दिले, ते दाव्यामुळे. भित्तिचित्र न्यायालयात साक्ष देत नाही आणि कायदा लिहीत नाही. पण त्या महिन्यांत हा विषय वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर सरकू नये, शेजाऱ्याला आणि पोलिसाला तो रोज दिसावा, शोक करणाऱ्यांना एकत्र उभे राहायला जागा असावी, हे काम भिंतींनी केले आणि ते दुसऱ्या कशानेही इतके झाले नसते.

बाकीचे काम अजून अपुरे आहे. जॉर्ज फ्लॉइडच्या नावाचे पोलिस सुधारणा विधेयक अमेरिकी प्रतिनिधिगृहाने २०२० आणि २०२१ मध्ये दोनदा मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते अडले आणि त्याचा कायदा झाला नाही. मिनियापोलिस पोलिसांवर केंद्राची देखरेख ठेवणारा करार न्याय विभागाने मे २०२५ मध्ये, फ्लॉइडच्या पाचव्या स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी, मागे घेण्याची पावले उचलली. मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क विभागाने शहराशी २०२३ मध्ये केलेला करार मात्र न्यायालयाच्या बंधनाखाली लागू आहे.